ताईचं चाळीस फुटांचं तिकीट

ज्या दिवशी माझ्या माहेरच्या माणसांच्या तोंडचं ‘मला काहीही चालेल’ हे वाक्य कायमचं जाईल, त्या दिवशी मी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या घरात सत्यनारायण घालीन आणि अख्ख्या गल्लीला शिरा वाटीन. जेवायला काय करू? काहीही चालेल. कुठे जायचं? तुम्ही न्याल तिथे. साडी कुठली घेऊ तुला? अगं, कुठलीही. आणि घरात कुणाला नेमकं काय हवं होतं ते तो माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी कळतं, कावळा शिवत नाही तेव्हा.

माझी थोरली बहीण नलूताई ह्या वाक्याची महाराणी आहे. ती चौसष्टची, मी छप्पन्नची, आणि तिच्यालेखी मी अजून बेबीच. ती नागपूरला असते. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले, मुलगा बंगलोरला, म्हणून ह्या जानेवारीत मी तिला जबरदस्तीनं तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. दोन महिने ती माझ्याकडे राहिली आणि एकदाही काही मागितलं नाही. खिडकीत बसून खारी बघायची, माझ्या ऑफिसच्या मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायची नाही आणि चहा ‘तुमच्याबरोबर जो होईल तो’ घ्यायची. मला भरून यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. शेवटी मी ठरवलं की हिला समुद्र दाखवायचा. मार्चमध्ये आमच्या लेकीला, ईशाला, ॲन आर्बरच्या कॉलेजातून आठवडाभर सुट्टी मिळत होती. तिकडे अजून बर्फ होता, त्यामुळे तीही एका पायावर तयार झाली. कॅरिबियनची क्रूझ बुक केली. फ्लोरिडातून निघायचं, सात रात्री.

ताईला विचारलं, “जायचं ना?”

“तुम्ही जाल तिथे येईन नं मी. मला काय!”

निघण्याआधीचा तक्ता

माझा नवरा श्रीकांत पुण्याचा आहे, त्यामुळे तो प्रवासाला निघत नाही, प्रवासाचा अभ्यास करतो. आमचं जहाज चौथ्या दिवशी सेंट थॉमसला लागणार होतं. हे बेट समुद्रात कुठेतरी लांब असलं तरी अमेरिकेचंच, तिकडे पोस्टाचे डबेसुद्धा आमच्या इकडच्यासारखेच निळे. तिथे स्नॉर्केलिंग करायचं होतं. म्हणजे डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि पायांत बदकासारखे पंखे चढवून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचे मासे बघायचे. जहाजवाल्यांनी त्यासाठी तीन सहली ठेवल्या होत्या आणि श्रीकांतनं त्या तिन्हींचा तक्ता केला. खोली, लाटा, बाथरूम किती अंतरावर, सावली आहे की नाही, असे रकाने. मी म्हटलं, “अरे, लग्नाला स्थळं बघतोयस की मासे?”

पहिली सहल कासवांच्या किनाऱ्याची. वाळूवरून चालत जायचं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, कासवं आपणहून येतात म्हणे. दुसरी सहल कॅटामरानची. दोन नावा जोडून वर फळी टाकावी तशी ती शिडाची मोठी बोट. ती एका छोट्या बेटापाशी नेते, तिथे चाळीस फूट खोल बुडालेलं एक जहाज आहे आणि त्याच्या वरच्या पाण्यात बोटीवरून थेट उडी मारायची. तिसरी अर्ध्या पाणबुडीची. बोटीच्या पोटात बाकावर बसायचं, काचेतून बघायचं, अंगाला पाणी लागत नाही. पत्रकात प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाचं चित्र होतं. एक माणूस म्हणजे सोपी, दोन म्हणजे बरी, तीन म्हणजे दमछाक. कॅटामरानपुढे तीन माणसं होती आणि खाली ‘पोहता येणं आवश्यक’ असं ठळक लिहिलेलं होतं.

माझं आधीच ठरलेलं होतं: अर्धी पाणबुडी. केस नुकतेच सेट केले होते, खाऱ्या पाण्यात त्यांचा काथ्या होतो. आणि ताईला एकटी कशी सोडणार, म्हणून ती माझ्याबरोबर. हे मी तिच्यावर उपकार केल्यासारखं सगळ्यांना सांगत होते.

समुद्रात

जहाजावर पहिले दोन दिवस नुसतं पाणी. ताई आणि ईशा एका केबिनमध्ये, आम्ही दोघं शेजारच्या. पहिल्या सकाळी नाश्त्याला ताई आली तर तिचे केस ओले. म्हटलं, “आज काय गं, सोमवार ना गुरुवार, भल्या पहाटे न्हालीस?” ती म्हणाली, “गरम पाणी भरपूर आहे नं इथे.” मी लगेच पुढच्या विषयावर गेले, कारण समोर दोसा होता. जहाजावरचा दोसा! जाडजूड, पण दोसाच. सांबारात साखर होती, श्रीकांतला आपल्या गावचं वाटलं.

रात्रीच्या जेवणाला टेबलावर वाढणारा रॉड्रिक होता, त्रिनिदादचा, पन्नाशीचा, भारदस्त. तो प्रत्येकाला वाकून विचारायचा. ताईपाशी आला, “आणि मॅडम, तुम्ही काय घेणार?” ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “शी विल हॅव द व्हेजिटेबल करी.” रॉड्रिकनं लिहून घेतलं. ईशानं माझ्याकडे भुवई उचलून पाहिलं.

“मॉम, तो तिला विचारत होता.”

“अगं, पण तिला तेच लागतं.”

“हाउ डू यू नो?”

आता ह्या मुलीला काय सांगू! बहीण आहे ती माझी. मला माहीत नसणार तर कुणाला? पण बोललेलं लागलंच, आणि तो राग मी ताईवरच काढला. सहलींचा विषय निघाला होता. ईशानं कॅटामरान घेतली होती, श्रीकांतनं कासवं. मी म्हटलं, “ताई, तुझं मी माझ्याबरोबर पाणबुडीचं केलंय. चालेल ना?”

“चालेल नं. काहीही चालेल.”

“काहीही काय चालेल? चौसष्ट वर्षांची झालीस, एकदा तरी तोंडानं सांग ना, मला हे हवं, मला ते नको! आम्ही काय ज्योतिषी आहोत का?”

जरा जोरातच बोलले मी. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चमचा खाली ठेवला. ताई शांतपणे म्हणाली, “बरं, बघते मी.” आणि करीतले वाटाणे एका बाजूला काढत बसली. तिला वाटाणे आवडत नाहीत हे मला छप्पन्नाव्या वर्षी तिथे कळलं.

दुसरा दिवस, आणि माझा पराक्रम

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई-ईशाच्या केबिनच्या दाराला एक पाकीट अडकवलेलं होतं. आमच्यात पाकीट ज्याच्या हाताला लागेल त्यानं फोडायचं असतं. वर कुणाचं नाव आहे हे आधी बघायची रीत नाही. मी फोडलं. आत सहलींची तिकिटं. ईशाचं कॅटामरान, ठीक. आणि ताईचं? तेही कॅटामरान! तीन माणसांच्या चित्राचं, चाळीस फूट खोल पाण्याचं.

“बघा, बघा ह्यांचा गोंधळ!” असं एकटीच म्हणत मी पाच मजले खाली उतरले, लिफ्टची वाटसुद्धा न बघता. सहलींच्या काउंटरवर एक तरुण मनुष्य होता. त्याला म्हटलं, तुम्ही माझ्या बहिणीच्या तिकिटाची चूक केली आहे, ती साठीच्या पुढची आहे, भारतातून आली आहे, तिला पोहता येत नाही. सगळं बुकिंग माझ्या नावावर होतं, त्यामुळे त्यानं काहीच विचारलं नाही. “नो प्रॉब्लेम, मॅम.” दोन बटणं दाबली आणि ताई परत अर्ध्या पाणबुडीत, माझ्या शेजारच्या बाकावर.

वर येऊन मी विजयी मुद्रेनं ताईला तिकीट दाखवलं. “वाचवलं तुला आज! खोल समुद्रात ढकलणार होते. मी होते म्हणून.”

ताईनं तिकीट हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाली, “बरं झालं बाई. तुला उगीच खाली जावं लागलं.” आणि पाणी प्यायला उठली. ग्लास भरून घेतला, प्यायली नाही.

एखादी दुसरी बहीण असती तर तिला तिथेच कळलं असतं. मी मात्र चार वाजताच्या चहाबरोबर कुकीज मिळतात त्या आणायला गेले.

परत आले ती ईशाचा चार्जर घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये. बाथरूमच्या दोरीवर एक ओला पोहण्याचा पोशाख वाळत होता. गडद निळा, गुडघ्यापर्यंत, कमरेला झालर. शेजारी हिरवी रबरी टोपी. मी ईशाला हाक मारली, “हे काय गं घेतलंस? आजीबाईंसारखं!”

“दॅट्स नॉट माइन, मॉम.”

मी आतली पट्टी उलटून पाहिली. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानाचं नाव होतं.

त्या क्षणी मला ओले केस आठवले, ग्लास आठवला, ‘बरं, बघते मी’ आठवलं, आणि मी कमोडच्या झाकणावर मटकन खाली बसले. ताई दारात उभी होती. चोरी पकडल्यासारखा चेहरा करून.

“ताई, तुला पोहता येतं?”

“येतं थोडंसं.”

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं असेल. महानगरपालिकेच्या तलावात लेडीज बॅच असते सकाळी सहाची. तिथे रोज जाऊन राहिले मी.”

ईशा बेडवर पाय घेऊन बसली, मी तशीच झाकणावर, आणि ताई दाराच्या चौकटीला टेकून सांगत होती. सत्तावीस दिवस ती नुसता तलावाच्या काठचा दांडा धरून उभी होती. कोच मॅडम ओरडायच्या, “काकू, दांडा काय घरी नेणार आहात का?” अठ्ठाविसाव्या दिवशी सोडला. आता तलावाच्या चार फेऱ्या न थांबता मारते. जहाजाच्या पूलमध्ये ती रोज पहाटे, कुणी उठायच्या आत जाऊन येत होती.

“आणि मला सांगितलं नाहीस? मला?”

“काय सांगू, बेबी? ह्यांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. लोक म्हणाले असते, नवरा गेला नाही तं ही कॉश्च्यूम घालून पाण्यात. तुला सांगितलं असतं तं तू श्रीकांतरावांना सांगितलं असतंस आणि त्यांनी तक्ता केला असता.”

ईशा खो खो हसली. मला हसू येत नव्हतं. भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. ताईचा सगळा संसार धरणांच्या काठी, सरकारी क्वार्टरमध्ये झाला. दाराबाहेर पाणीच पाणी. पण भाऊजींनी पाण्यातून माणसं बाहेर काढलेली होती, मेलेली. त्या माणसाला पाण्याची फार भीती. ऑफिसातून आले की चपला काढायच्या आत विचारायचे, “आज काठावर कुणी गेलं नव्हतं ना?” आम्ही सुट्टीला गेलो की आम्हालाही पाय बुडवू द्यायचे नाहीत. चांगला होता हो माणूस, पण पाण्याचं नाव काढलं की पांढराफटक पडायचा.

“मी काही त्यांच्यावर रागावून नाही शिकले,” ताई म्हणाली. “छत्तीस वर्षं काठावर राहिले. ज्याला हे इतके भ्यायचे, ते आहे तरी काय, ते आत जाऊन पाहावं म्हटलं एकदा. तलावाला तळ दिसतो गं. मला जिथे तळ खोल आहे तिथे जायचं होतं.” मग म्हणाली, “तू म्हणालीस ना, तोंडानं सांग. म्हणून मी आज सकाळी स्वतः गेले खाली. सांगितलं तोंडानं.”

देवा रे! मी आयुष्यभर जिला ‘बोल, बोल’ म्हणून टोचत आले, ती एकदाची बोलली होती, आणि मी धावत पाच मजले उतरून तिचं बोलणं रद्द करून आले होते. मला रडूच कोसळलं. ताई म्हणाली, “अवं, रडू नको ना, मला पाणबुडीही चालेल.” त्यानं तर मी आणखीच रडले.

काउंटर सहाला बंद होणार होतं. आम्ही तिघी खाली गेलो. ह्या वेळी तिथे मार्लीन नावाची जमैकाची बाई होती, चष्मा साखळीला अडकवलेला. ताईला बघताच तिचा चेहरा उजळला. “ओ, माय लेडी फ्रॉम नागपूर! तुम्ही का रद्द केलंत? मला इतकं वाईट वाटलं.” मग माझ्याकडे वळून कौतुकानं सांगायला लागली, की ह्या बाईंनी सकाळी वीस मिनिटं उभं राहून तिन्ही पत्रकं वाचली, फॉर्मवरची प्रत्येक ओळ वाचली, खोली किती ते विचारलं, आणि चाळीस फूट म्हटल्यावर म्हणाल्या, ‘दॅट वन, प्लीज.’

मी जमिनीकडे बघत म्हटलं, “रद्द मी केलं.”

मार्लीननं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीन बघितला. कॅटामरान भरली होती. ताईची जागा दुपारीच वेटिंगवरच्या कुणाला तरी गेली होती. वेटिंगमध्ये अजून नऊ माणसं होती.

“काही हरकत नाही,” ताई म्हणाली, मराठीतच, मार्लीनला.

ईशानं आपलं तिकीट काउंटरवर ठेवलं. “गिव्ह हर माइन.”

“अगं नको, तू लहान आहेस, तू जा,” ताई घाईघाईनं म्हणाली.

“नलूमावशी, मी परत येईन ना. मी डॅडबरोबर टर्टल्स बघते, नाहीतर तो एकटा बुडेल.”

मार्लीननं माझ्याकडे पाहिलं, कारण बुकिंग माझं होतं. म्हणजे आता ताई त्या बोटीवर एकटी जाणार होती. ओळखीचं कुणी नाही, भाषा परकी, पाणी चाळीस फूट. माझ्या जिभेवर शंभर ‘पण’ होते. दातांखाली जीभ धरून मी म्हटलं, “तिलाच विचारा.”

ताईनं ईशाचा हात धरला, आणि म्हणाली, “येस, प्लीज.”

सेंट थॉमस

सकाळी जहाज बंदराला लागलं. हिरवे डोंगर, लाल छपरं, आणि पाणी असं निळं की ईशासुद्धा फोन खाली ठेवून बघत राहिली. तिकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. अमेरिकेत असूनही! ताई खूश. “हे आपल्यासारखं आहे. दोन महिने तुझ्या गाडीत जीव मुठीत धरून बसत होते मी, समोरून कुणी येईल म्हणून.”

आणखी एक रीत तिथली मला फार आवडली. श्रीकांत एका टॅक्सीवाल्याला जाऊन एकदम विचारायला लागला, कासवांच्या किनाऱ्याची बस कुठून सुटते. तो म्हातारा ढिम्म. मग हळूच म्हणाला, “गुड मॉर्निंग.” श्रीकांतनं पुन्हा बस विचारली. पुन्हा “गुड मॉर्निंग.” तिथे म्हणे आधी नमस्कार, मग काम. नाही केला तर उत्तर मिळत नाही. ताई पुढे झाली, हात जोडून “गुड मॉर्निंग, भाऊ” म्हणाली, आणि त्यानं बस तर दाखवलीच, वर त्याच्या आईच्या गुडघ्यांची हकिगतही सांगितली. नागपुरी माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पत्ता विचारायच्या आधी जेवण झालं का ते विचारतात.

धक्क्यावर आमच्या वाटा तीन झाल्या. ताईनं निळ्या पोशाखावर सलवार-कुर्ता घातला होता आणि हातात मेतकुटाच्या रिकाम्या पिशवीत हिरवी टोपी होती. मी सांगत सुटले. जॅकेट काढू नकोस. दमलीस तर हात वर कर. नळीत पाणी गेलं तर घाबरू नकोस. हे सगळं, ज्या बाईनं जन्मात पाण्यात पाय घातला नाही ती, चार फेऱ्या मारणाऱ्या बाईला सांगत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, “बेबी, जाऊ दे मला.” आणि गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

अर्धी पाणबुडी त्याच छोट्या बेटाच्या बाजूला जाते हे मला आत बसल्यावर कळलं. काचेबाहेर पिवळे मासे होते, जांभळी पंख्यांसारखी झाडं होती, दगडासारखं पडून असलेलं प्रवाळ होतं. मी त्यातलं काही धड बघितलं नाही. मध्येच वरच्या बाजूला तरंगणाऱ्या माणसांचे पाय दिसायला लागले. वीस-पंचवीस जोड्या, सगळ्यांना तेच काळे पंखे. वरचा भाग उजेडात दिसतच नव्हता. आता ह्यातले ताईचे कुठले? मी सगळ्याच पायांना हात केला. शेजारी टेक्ससचे एक आजोबा होते, त्यांनी विचारलं, “ओळखीचं कुणी आहे का?”

“माझी बहीण.”

“कुठली?”

“माहीत नाही. ह्यातलीच एक.”

मग तेही हात करायला लागले. चांगली माणसं असतात.

धक्क्यावर मी अर्धा तास आधी येऊन उभी राहिले. समोर एक बाई जॉनीकेक तळत होती, म्हणजे मैद्याची जाड, किंचित गोड पुरीच की. त्याबरोबर जो लाल रस्सा देतात तो आमच्या ठेच्याचा सख्खा भाऊ. दोन खाल्ल्या, काळजीनं. मग श्रीकांत आणि ईशा आले. श्रीकांत बरंच समुद्राचं पाणी प्यायला होता आणि कासव म्हणून त्यानं ज्याचा वीस मिनिटं पाठलाग केला तो एका जर्मन माणसाचा हिरवा पंखा निघाला. पण बापलेक एकमेकांना टाळ्या देत हसत होते. ईशा कॉलेजला गेल्यापासून त्यांना असं मी पाहिलं नव्हतं.

कॅटामरान आली. माणसं उतरत होती. गोरी, काळी, तरुण, जोडप्याजोडप्यानं. सगळ्यांत शेवटी ताई. केस मोकळे, ओले, खांद्यावर मिठाचे पांढरे डाग, कपाळावर काचेच्या रबराचा लाल वळ. मी धावत गेले.

“कसं झालं? भीती वाटली? काय दिसलं?”

तिनं आधी मला घट्ट धरलं. मग धक्क्याच्या कठड्यावर बसून म्हणाली, “बोटीवरच्या गाइड पोरीनं सांगितलं, सगळ्यांनी आपापला जोडीदार धरा, जोडीनं उतरायचं आहे. ज्याला जोडीदार नाही त्यानं हात वर करा. बेबी, दोन वर्षं मी हा हात वर करायचं टाळून राहिले. बँकेत, लग्नाकार्यात, सगळीकडे. आज केला. म्हटलं, आय ॲम अलोन. अख्ख्या बोटीत मी एकटीच होते हात वर केलेली.”

“मग गं?”

“मग ती म्हणाली, ‘ओके, यू आर विथ मी.’ आणि आम्ही उडी मारली.” ताईचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. “खाली केवढं मोठं जहाज आहे गं! त्याच्या खिडक्यांतून मासे आतबाहेर करतात, घरात पोरं करतात तसे. मी वरून बघत होते. खाली इतकं खोल, आणि मी पडत नव्हते. हे असते तं त्यांना हात धरून दाखवलं असतं. म्हटलं असतं, बघा, पाणी धरून ठेवतं हो.”

श्रीकांत दुसरीकडे बघत चष्मा पुसायला लागला. ईशानं आपला टॉवेल ताईच्या खांद्यावर टाकला.

त्या संध्याकाळी रॉड्रिक टेबलापाशी वाकला, “आणि मॅडम, तुम्ही?” मी तोंडात पावाचा तुकडा कोंबून ठेवला होता, मुद्दाम. ताईनं मेनू शेवटपर्यंत वाचला. सूप सांगितलं, मशरूमचं काहीतरी सांगितलं, आणि मग बोट दाखवून दोन गोड पदार्थ सांगितले, दोन्ही स्वतःसाठी. वाटाणे नकोत हेही सांगितलं.

परतीचा समुद्र

पुढच्या दिवशी पुन्हा नुसतं पाणी. ईशा झोपलेली, श्रीकांत पुढच्या वर्षीचा तक्ता करत होता. आम्ही दोघी बहिणी पूलच्या काठावर खुर्च्या टाकून बसलो होतो. ताईनं विचारलं, “बेबी, आज तुला काय करायचंय?”

“काही नाही गं. तू म्हणशील ते. मला काहीही चा—”

शब्द अर्धा बाहेर पडला होता. ताईनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आईसारखं.

“तोंडानं सांग.”

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पाण्यात एक पाच वर्षांचं पोर धबाधबा उड्या मारत होतं. तीस वर्षं मी ह्या देशात आहे, किती पूल, किती किनारे झाले, आणि दर वेळी केस सेट केलेले, केसांना रंग लावलेला, केस नुकतेच धुतलेले. भाऊजींच्या क्वार्टरच्या मागे उभी राहून पाणी बघणारी आठवीतली बेबी कधी काठावरून हललीच नव्हती.

“मला भीती वाटते,” मी म्हटलं. “पण मला आत यायचंय. तुझ्याबरोबर.”

“मग चल नं.”

ईशाचा कॉश्च्यूम मला घट्ट झाला. उथळ बाजूला पाणी छातीपर्यंत होतं. मी दोन्ही हातांनी दांडा धरला, बोटं पांढरी पडेपर्यंत. ताई हिरवी टोपी घालून शेजारी उभी राहिली. घाई नाही, म्हणाली, मला सत्तावीस दिवस लागले होते.

“आपल्याकडे तीनच आहेत,” मी म्हटलं.

“मग आज नुसतं तोंड पाण्यात घाल. दहा आकडे मोज. मी हात धरते.”

मी एक हात दांड्यावरून सोडवला आणि तिच्या हातात दिला. श्वास घेतला. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “ताई, केस ओले होतील.”

तिनं हात सोडला नाही.

“होऊ देत,” मी म्हटलं, आणि डोकं खाली घातलं.